पाण्यातली कोर, गुडघ्यातली कोर

काचेच्या कारखान्यात त्यांना सगळे रेघाताई म्हणत. नव्या माणसाला वाटायचं, बाईंचं नाव रेखा असणार आणि पहिली हाक मारणारा बोबडा असणार. तसं काही नव्हतं. त्या रेघ ओढत, म्हणून रेघाताई.

कारखान्यात प्रयोगशाळांसाठी लांब मानेचे, गोल पोटाचे चंबू तयार होत. प्रत्येक चंबूच्या मानेवर एक रेघ असे, फक्त एक. चंबू पंचवीसचा असेल, तर त्या रेघेपर्यंत पाणी भरलं की ते पंचवीस मिलिलिटर म्हणजे पंचवीस मिलिलिटरच भरायला हवं. थेंबभरही इकडेतिकडे नाही. ही रेघ नेमकी कुठे यायची, ते ठरवून तिथे बारीक कुंचल्याने काळी खूण करायची, हे रेघाताईंचं काम. पुढे दुसऱ्या खात्यात त्या खुणेवर काच कोरली जाई आणि ती कायमची होई. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हेच केलं.

त्यांचे यजमान रंगारी होते. घरं रंगवायचे. ते म्हणत, "माझं अख्ख्या भिंतीचं काम, हिचं एका रेघेचं. आणि दमून येते ती!"

रेघाताई हसून विषय बदलत. कारण सांगून समजण्यासारखं ते नव्हतं. अरुंद मानेत पाणी सपाट राहत नाही. कडेला ते काचेला धरून जरा वर चढतं, मधे खोलगट होतं. समोरून पाहिलं तर उताणी पडलेली चंद्राची कोर दिसते. मोजायचं ते या कोरीच्या सगळ्यात खालच्या टोकाला. कारखान्यात तिला 'कोर' असंच म्हणत. रेघाताईंना शिकवणारा म्हातारा कारागीर म्हणायचा, "रेघ कोरीच्या बुडाला चाटून गेली पाहिजे. कापायचं नाही आणि लांबही राहायचं नाही." डोळाही बरोबर कोरीच्या पातळीत हवा. जरा वरून पाहिलं तर रेघ वर पडते, खालून पाहिलं तर खाली.

मोठ्या चंबूंची मान खुर्चीत बसल्यावर आपोआप डोळ्यासमोर येई. लहान चंबूंची येत नसे. त्यांच्यासाठी खुर्ची मागे सारून उजवा गुडघा जमिनीवर टेकायचा आणि डोळा खाली न्यायचा, ही म्हाताऱ्याची पद्धत. चंबूखाली एखादा ठोकळा ठेवावा, असं कुणाच्याही मनात यावं. पण ते टेबल पाणसळ लावून, पातळी बघून एकदाच काटेकोर बसवलेलं होतं आणि त्यावर चंबूशिवाय काही ठेवायचं नाही असा नियम होता. तो कुणी केला होता ते कुणाला ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्याने पाळला, रेघाताईंनीही पाळला. दिवसाला सत्तर-ऐंशी वेळा गुडघा टेकायचा आणि उचलायचा.

त्या एक्कावन्न वर्षांच्या असताना, एका सकाळी साडेदहाच्या सुमारास, गुडघ्यावर असतानाच त्या कुंचला घ्यायला डावीकडे वळल्या. आत 'खट्' असा आवाज झाला. तो बाहेर ऐकू गेला की फक्त त्यांना, हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही. उठायला गेल्या तर पाय सरळ होईना. दाराचा अडसर आतून पडावा तसा गुडघा अर्ध्यावर अडकून बसला होता.

"काय झालं ताई?" फोरमन धावत आला.

"काही नाही. हा चंबू आधी उचला. भरलेला आहे," त्या म्हणाल्या आणि मग खुर्चीला धरून घामाघूम होईतो तशाच राहिल्या.

इस्पितळात एमआरआय झाला. हाडांची डॉक्टर मध्यमवयीन बाई होती. वॉर्डात खाटेशी येऊन टॅबच्या पडद्यावरचं चित्र दाखवत ती म्हणाली, "हे बघा. मांडीचं हाड वर, नडगीचं खाली. मधे दोन गाद्या असतात, एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या. तुमची आतली फाटली आहे. बादलीची कडी असते ना, तशी उभी सुटून मधे येऊन अडकली आहे. म्हणून पाय सरळ होत नाही. याला मेनिस्कस म्हणतात."

"मेनिस्कस?" रेघाताई चमकल्या. आमच्या खोलीत भिंतीवर छापील कागद आहे, असं त्या म्हणाल्या. 'मेनिस्कसची खालची कड रेषेला स्पर्श करील असे पाहावे.' "पण ते तर पाण्याला असतं, बाई! आम्ही कोर म्हणतो त्याला."

"ते वेगळं."

"वेगळं कसं? नाव तेच आहे ना?"

डॉक्टरीणबाईने टॅब खाली ठेवला. मग म्हणाली, "खरं सांगू? पाण्याचं मी शाळेत शिकले, गुडघ्याचं कॉलेजात. दोन्ही एकच शब्द आहे, हे आजवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं."

ऑपरेशन दोन दिवसांनी होतं. तोवर वॉर्डात राहायचं होतं. शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या, घोट्याचं हाड मोडलेल्या, सत्तरीच्या आसपासच्या. याच इस्पितळाच्या कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं डॉक्टरांचे अहवाल टाइप केले होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, तरी नर्सपासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना टायपिस्टबाई म्हणत. डॉक्टरीणबाईचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, आणि ती वॉर्डाबाहेर जाण्याचीच त्या वाट पाहत होत्या.

"कोर म्हणता ना तुम्ही? अगदी बरोबर म्हणता," त्या म्हणाल्या. "ग्रीक भाषेत चंद्राला मेने म्हणायचे. मेनिस्कोस म्हणजे छोटा चंद्र. चंद्राची कोर. पाणी तसं दिसतं म्हणून पाण्याला तो शब्द लावला आणि गुडघ्यातली गादी वरून तशीच दिसते म्हणून तिलाही."

"तुम्हाला ग्रीक येतं?"

"छे! मला टायपिंग येतं. पण एकेक शब्द पन्नास वेळा टाइप केला की माणसाला वाटतं, बाबा रे, तू आहेस तरी कोण? मग मी वहीत लिहून ठेवायची. कुणाचा कोण, कुठून आला."

ती वही त्यांनी सोबत आणली नव्हती. पण त्यातली पानं तोंडपाठ होती. मेनिस्कस कापून काढणं ते मेनिसेक्टमी. त्याला सूज आली तर मेनिसायटिस. चष्म्याची जी काच एका बाजूने फुगीर आणि दुसऱ्या बाजूने खोलगट असते, तिला मेनिस्कस भिंग म्हणतात. "तुमच्या नाकावर आहे तेच," टायपिस्टबाई म्हणाल्या. रेघाताईंनी चष्मा काढून काच आडवी धरून पाहिली. खरंच, कोर होती. रक्तातल्या काही तांबड्या पेशी एका आजारात वाकून कोयत्यासारख्या होतात, त्यांना जुन्या कागदांत मेनिस्कोसाइट म्हटलेलं असे. एका वेलीच्या बिया कोरीसारख्या असतात, म्हणून तिचं शास्त्रीय नाव मेनिस्पर्मम.

"आणि मेनोपॉज?" मागच्या खाटेवरून कुणीतरी विचारलं. बायकांचा वॉर्ड होता.

"ते चुलत घराणं," टायपिस्टबाई गंभीरपणे म्हणाल्या. "तिथे मेन म्हणजे महिना. चंद्रावरूनच महिना, त्यामुळे मूळ एक. पण मेनिन्जायटिस मात्र यांच्यातला नाही हं. तो मेंदूवरच्या पडद्याचा. नाव सारखं दिसतं म्हणून लगेच सोयरीक जुळवायला जायचं नाही."

वॉर्ड हसला. रेघाताईही हसल्या आणि गुडघ्यात कळ आली म्हणून मधेच थांबल्या.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई पुन्हा आली. दोन रस्ते होते. फाटलेला भाग टाके घालून शिवायचा. मग चार-पाच महिने फार जपावं लागेल, आणि तरी टाका धरेलच असं नाही. किंवा फाटलेला तुकडा काढून टाकायचा. मग दीड महिन्यात कामावर, पण गादी कमी झालेली, त्यामुळे पुढे हाड झिजण्याची भीती.

यजमान म्हणाले, "काढून टाका. सुटसुटीत. पोपडा सुटला की मी खरवडून काढतो, लिंपत बसत नाही."

"भिंत आहे का ती?" रेघाताई म्हणाल्या. मग डॉक्टरीणबाईला विचारलं, "काढला तर किती काढणार?"

"साधारण एक तृतीयांश जाईल."

"साधारण?"

"ताई, आत मोजपट्टी नेत नाही आम्ही. अंदाजाने, डोळ्याने."

रेघाताईंनी त्या बाईच्या डोळ्यांकडे जरा वेळ पाहिलं. "शिवा," त्या म्हणाल्या. "नाहीच जमलं तर काढा. पण आधी शिवून बघा."

दोन्हींसाठी सही घेतली गेली. ऑपरेशननंतर ग्लानी उतरताना त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शिवलं की कापलं?"

"कापलं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नका. फाटणं जुनं होतं. कडा इतक्या विरल्या होत्या की टाका धरायला जागाच नव्हती. कित्येक वर्षं थोडं थोडं फाटत आलं असणार. त्या दिवशी शेवटचा धागा तुटला, एवढंच."

दिवसाला सत्तर धरले, वर्षाला अडीचशे दिवस धरले, तर गुडघा किती वेळा टेकला याचा रेघाताईंनी पडल्या पडल्या हिशेब मांडायला घेतला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

घरी सासूबाई होत्या. त्यांचे स्वतःचे दोन्ही गुडघे वीस वर्षांपूर्वीच गेले होते. सुनेचा एमआरआय त्यांनी उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिला. "आमच्या वेळी गुडघा दुखायचा," त्या म्हणाल्या. "आता त्याला नाव असतं." पण फिजिओथेरपीचे व्यायाम करताना त्या शेजारी खुर्चीत येऊन बसत आणि सून दहाला थांबली तर "नऊच झाले" म्हणत. पाचव्या दिवसापासून त्याही बसल्या बसल्या पाय उचलायला लागल्या. कुणी पाहिलं तर थांबत.

एक महिना झाला आणि फोरमनचा फोन आला. आवाज पडलेला होता. एका औषध कंपनीकडून चारशे चंबू परत आले होते. सगळे पंचवीसचे. माप चुकतंय, अशी तक्रार होती.

"कुणी रेघा मारल्या?"

"खांबाने."

खांब हा पॅकिंग खात्यातला माणूस. सव्वासहा फूट उंच, म्हणून खांब. हात स्थिर होता, म्हणून रेघाताईंच्या जागी त्याला बसवलं होतं.

"उद्या त्याला घरी पाठवतोय," फोरमन म्हणाला. "तुम्ही फक्त एकदा येऊन सांगा, चुकलंय म्हणून. कागदावर तुमची सही लागेल."

दुसऱ्या दिवशी काठी टेकत रेघाताई गेल्या. चंबू कोरडा करून वजन करायचं, रेघेपर्यंत पाणी भरायचं, पुन्हा वजन करायचं. खोली नेहमीसारखी वीस अंशांवर होती. दुपारपर्यंत त्यांनी चाळीस चंबू तपासले. फोरमन मागे येरझाऱ्या घालत होता. खांब दाराशी उभा होता, आत या म्हटलं तरी येत नव्हता.

प्रत्येक चंबूत जवळजवळ दोन थेंब जास्त पाणी मावत होतं. प्रत्येकात. कुठे पावणेदोन, कुठे सव्वादोन, पण कमी एकातही नाही.

"बेफिकीर माणूस आहे," फोरमन म्हणाला.

"बेफिकीर माणसाची चूक दोन्हीकडे जाते," रेघाताई म्हणाल्या. "काही वर, काही खाली. ह्या सगळ्या वरच गेल्यात. आणि सारख्याच." त्यांनी खांबाला हाक मारली. "ये इकडे. बस. तू कसा बघायचास ते दाखव."

खांब खुर्चीत बसला. चंबू समोर ठेवला, मान वाकवली. त्याचे गुडघे टेबलाच्या फळीला भिडले होते, त्यामुळे खुर्ची पुढे येत नव्हती. त्याचा डोळा कोरीच्या चार बोटं वर होता.

"खाली का नाही गेलास? गुडघा का नाही टेकलास?"

"टेकायचा असतो?" खांब म्हणाला. "मला कुणी सांगितलंच नाही. मला म्हणाले, कोरीच्या बुडाला रेघ. मी बुडालाच मारत होतो, ताई. शपथेवर सांगतो."

"बुडालाच मारलीस. वरून बघून मारलीस, म्हणून वर पडली."

"चूक त्याचीच झाली ना शेवटी?" फोरमन म्हणाला. "लिहा तसं. टाका सही."

"लिहिते. पण माझ्या पद्धतीने," रेघाताई म्हणाल्या आणि चाळीस आकड्यांचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

लिहिणं हा त्यांचा प्रांत नव्हता. चार ओळींचा अर्ज लिहायला त्यांना दोन दिवस लागत. त्या रिक्षा करून थेट टायपिस्टबाईंकडे गेल्या. टायपिस्टबाई एकट्याच राहत, तळमजल्यावर, दोन खोल्यांत. घोट्याचं प्लास्टर अजून होतं. जेवणाच्या टेबलावर टाइपरायटर आणि त्यावर घरी शिवलेली खोळ. खोळ काढताना त्यांचा चेहरा उजळला.

"सांगा."

"लिहा, कोरीच्या बुडाकडे बघताना..."

"कोर नाही. मेनिस्कस."

"का? कोर काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही. पण कोर लिहिलंत तर साहेब म्हणतील, बाईंना वाटलं. मेनिस्कस लिहिलंत तर म्हणतील, बाईंना आढळलं."

रेघाताईंना हे पटलं नाही, पण त्यांनी मान डोलावली. अहवाल एक पानाचा झाला. त्यात चाळीस वजनं होती. रेघ का वर पडली ते होतं. ज्याचा डोळा पातळीत आणण्याची सोय टेबलाने केलेली नाही त्याच्याकडून ही चूक होणारच, असं होतं. शेवटी टायपिस्टबाईंनी विचारलं, "आणि तुमच्याकडून का नाही झाली, ते?"

रेघाताई म्हणाल्या, "लिहा, की या आधीच्या कामगाराने अठ्ठावीस वर्षं उजवा गुडघा जमिनीवर टेकून ही उणीव भरून काढली. गुडघ्याचा अहवाल सोबत जोडला आहे."

टायपिस्टबाईंनी तो अहवाल हातात घेतला. "हा अहवाल वाचला मी. 'मीडियल मेनिस्कस.' छान, तेही इथेच टाकते. एकाच पानावर दोन मेनिस्कस आले. चौतीस वर्षांत असं कधी टाइप केलं नव्हतं."

साहेबांनी ते पान दोनदा वाचलं असं फोरमन म्हणाला. खांबाला काढलं नाही. चारशे चंबू फोडून पुन्हा भट्टीत घातले. टेबलाचं काम एका सुताराने आणि एका फिटरने एका दुपारी उरकलं. टेबलाला मधोमध भोक पाडलं, त्यातून खालून वर येणारा एक लोखंडी पाट बसवला, चार स्क्रू फिरवून पाणसळीत आणला. लहान चंबू त्यावर ठेवायचा आणि पाट हवा तेवढा वर घ्यायचा. फिटरने हात पुसले आणि विचारलं, "एवढंच होतं?"

"एवढंच," रेघाताई म्हणाल्या.

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी सासूबाईंना हे सांगितलं. एरवी त्या कारखान्यातलं काही सांगत नसत. "मी कधी मागितलंच नाही, आई. एकदाही. म्हाताऱ्याने टेकला म्हणून मी टेकला."

सासूबाई पाय उचलायच्या थांबल्या. "मागितलं असतंस तर दिलं असतं?"

"कुणास ठाऊक."

"मग आता कशाला जीव जाळतेस? पाय उचल. सातच झालेत."

दीड महिना पुरा झाल्यावर रेघाताई कामावर परतल्या, पण रेघेच्या टेबलावर नाही. गुडघा टेकायला डॉक्टरीणबाईने मनाई केली होती. आता पाट होता, त्यामुळे टेकायची गरज नव्हती हे खरं. पण तोवर खांबाने आठवडाभर पाटावर बिनचूक काम केलं होतं आणि साहेबांनी ती जागा त्यालाच दिली. रेघाताईंना तपासणीला बसवलं. दर शंभरातले पाच चंबू घ्यायचे, तोलायचे, आकडा लिहायचा. काम बसून होतं. पगार तोच होता. पहिले काही दिवस त्यांचा हात कुंचल्याच्या जागी जायचा आणि तिथे पेन्सिल असायची.

चष्मा बदलायची वेळ आली तेव्हा दुकानदाराला त्यांनी सांगितलं, "मेनिस्कस भिंग द्या." तो म्हणाला, "सगळी तीच असतात, ताई." त्या म्हणाल्या, "माहीत आहे."

महिन्यातून एका रविवारी त्या टायपिस्टबाईंकडे जात. टायपिस्टबाईंचा घोटा जुळला, पण जिने बंद झाले, आणि बाजार रेघाताईच करून देत. कधी वही निघे. रेघाताईंना त्यातलं सगळं कळत नसे, पण कोण कुणाचा कोण लागतो हे ऐकायला त्यांना आवडे. यजमान विचारत, "काय बोलता तुम्ही दोघी एवढं?" त्या म्हणत, "नातीगोती."

वर्ष सरत आलं तेव्हा तपासणीच्या वहीत त्यांना एक गोष्ट दिसली. त्यांच्या स्वतःच्या काळातले जुने आकडे त्याच कपाटात होते. त्यांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवून ओळीने पाहिलं. खांबाचे चंबू त्यांच्या चंबूंपेक्षा मापाला जास्त बिनचूक होते. फरक फार नव्हता, पण होता, आणि तो महिनोन् महिने टिकलेला होता. त्यांनी पुन्हा पाहिलं. मग वह्या बंद केल्या आणि रेघेच्या खोलीत गेल्या.

खांब पाट फिरवत होता. त्यांना पाहून तो उठायला लागला.

"बस, बस," त्या म्हणाल्या. "तुझी रेघ माझ्यापेक्षा चांगली पडते."

खांबाला वाटलं, ताई टोमणा मारतायत. तो कसनुसा हसला. "काय चुकलं का ताई?"

"काही चुकलं नाही. वजनंच सांगतायत तसं. म्हणून आले सांगायला."

खांब पुन्हा पाटाकडे वळला. त्याने चंबू पाटावर ठेवला, पाणी स्थिर व्हायची वाट पाहिली आणि डोळा कोरीशी नेला. रेघाताई दोन मिनिटं उभ्या राहिल्या. उजव्या पायावर भार येऊ लागला तशी त्यांनी दाराची चौकट धरली, आणि खांबाने रेघ ओढून कुंचला खाली ठेवेपर्यंत त्या तिथेच थांबल्या. मग आपल्या तराजूकडे परत गेल्या. अजून पंधरा चंबू तपासायचे राहिले होते.